मॅडमविरुद्ध माझी तक्रार

"तुम लोगों के लिए कानून बना है ना? तो चलाओ."

असं म्हणून कॉलेजच्या संचालकाने टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मला बसायला सांगितलं नव्हतं. कागदावर माझं नाव होतं, माझी जात होती, आणि खाली सहीसाठी मोकळी जागा. मजकूर असा, की गणिताच्या मॅडमनी भर वर्गात माझी जात काढून माझा अपमान केला.

ग्रेटर नोएडातलं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज. भोवती कालपर्यंत गव्हाची शेतं, आता अर्धवट टॉवर. माझे बाबा विदर्भातून आलेले सरकारी कारकून. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. घरातली पहिली इंजिनिअर मी होणार होते.

कॉलेजची एक रीत होती. शिक्षकाला नोकरीवर घेताना त्याच्या मूळ पदव्या ऑफिसच्या कपाटात ठेवून घ्यायच्या. दर अकरा महिन्यांनी काढून टाकायचं, पुन्हा घ्यायचं. कुणी तोंड उघडलं की कपाटाकडे बोट. त्या वर्षी शिक्षक गेटबाहेर संपावर बसले. आमच्या पदव्या परत करा, कायम नेमणुकीचं पत्र द्या. सगळ्यांच्या पुढे मॅडम.

पण आमची परीक्षा तोंडावर होती. म्हणून मॅडम फुटपाथवर खडूने गणितं सोडवून दाखवायच्या. "यहाँ लास्ट बेंच नहीं है. अब कहाँ छुपोगे?" म्हणायच्या.

त्या कागदावरचं अर्धं खरं होतं. तेच विष.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. ऑफिसने दिलेल्या यादीत नावापुढे जातीचा रकाना होता. हजेरी घेताना मॅडमनी माझ्या नावासोबत तोही वाचला. मागून कुणीतरी म्हणालं, "अच्छा, कोटा." वर्ग हसला. मी वहीत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि उभ्याच राहिल्या. "कल मैंने जो पढ़ा, वो पढ़ना गलत था. मैं सबके सामने माफी माँगती हूँ." मग त्यांनी यादीतला तो रकाना कात्रीने कापून काढला. वरच्या जातीचं कुणी माझ्यापुढे असं उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसले.

मी संचालकाला म्हणाले, "सर, इसमें माफी वाली बात नहीं है."

"उसकी ज़रूरत नहीं. तेरी मार्कशीट भी हमारे पास है. याद है?"

"सर, वो लिस्ट किसने बनाई थी?"

त्याने शेजारी उभ्या मॅनेजरला खूण केली. मॅनेजरने माझं मनगट पिरगाळलं, बोटांत पेन कोंबलं. "साइन कर, कोटे वाली." मी त्याच्या हाताला कडकडून चावले. त्याने थोबाडीत मारली. ओठ टेबलाच्या कडेवर फुटला. मी रक्ताने भरलेला कागद फाडला आणि पळाले.

गेटवर कॉलेजचे बाउन्सर हॉकी स्टिक घेऊन शिक्षकांवर तुटून पडले होते. माझ्या डोळ्यांदेखत मॅडमच्या उजव्या हातावर फटका बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि मलाच सांगत होत्या, "तू जा, बेटा. तेरा साल जाएगा."

घरी बाबांनी माझा ओठ पाहिला.

"सही केलीस?"

"नाही."

"मार्कशीट?"

"त्यांच्याच कपाटात."

बाबांनी ओला रुमाल माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "उद्या रजा टाकतो. पोलीस ठाण्यात सोबत येतो."

तो अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आमच्या माणसांनी मार खाऊन, मरून मिळवलेला. संप मोडायचं हत्यार म्हणून तो यांच्या हातात मी देणार नाही. ठाण्यात मी तक्रार दिली. संचालकाविरुद्ध, मॅनेजरविरुद्ध, हॉकी स्टिकवाल्यांविरुद्ध. हवालदार म्हणाला, "सोच ले, बच्ची." मी म्हणाले, "लिखिए."

माझं वर्ष गेलं. मार्कशीट अजून मिळालेली नाही.

आता कोर्टाचं बोलावणं येईल. त्यांचा वकील विचारेल, मॅडमनी तुझी जात वाचली होती की नाही, एवढंच सांग. मी हो म्हणेन. तो म्हणेल, बस झालं.

मी बसणार नाही. मॅडमची माफी सांगेन. ती यादी कुणी केली ते सांगेन. तो हात कुणी मोडला ते बोट दाखवून सांगेन. जितक्या तारखा पडतील तितक्या वेळा जाईन.