तिसरा नंबर आत्याचा

बसच्या खिडकीला डोकं टेकवलंय. काच गार आहे आणि कवटीत गुणगुणतेय. बाहेर अंजिराची उघडी झाडं, मग ऑलिव्हची, मग परत अंजिराची. दुपारचे अडीच वाजलेत. पोटात मसुराची आमटी आहे, जिला तुर्कस्तानात सूप म्हणतात, आणि त्यावर आईने पर्समधून काढून घातलेलं मेतकूट. सकाळी इफेसस नावाचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं गाव पाहिलं. संध्याकाळी आणखी एक मेलेलं गाव पाहायचंय. आमची हिवाळ्याची कौटुंबिक सहल अशी मजेत चालली आहे.

माझ्या शेजारच्या सीटवर कोटांचा ढीग आहे. ती सीट कुमुदआत्याची. आत्या ऑगस्टमध्ये गेली, सीट राहिली.

कुमुदआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. साताऱ्यात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. तिने सदतीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या आणि एकही मुलगी हरवली नाही. उलट एकदा पन्हाळ्याला बासष्ट मुली नेल्या आणि त्रेसष्ट परत आणल्या. जास्तीची मुलगी इचलकरंजीची निघाली. आत्याने तिला पिठलंभात घातला आणि दुसऱ्या दिवशी पोचवून आली. त्यानंतर तिने प्रत्येकीच्या तळहातावर बॉलपेनाने नंबर लिहायला सुरुवात केली.

घरच्यांचीही सुटका नव्हती. बाबा एक, आई दोन, आत्या तीन, ऋजुताताई चार, मी पाच. वयाने मोठी असून तिने स्वतःला मध्ये घातलं, कारण मधल्या माणसाला दोन्हीकडचे दिसतात. कुठूनही निघताना नंबर बोलायचे. पाच ऐकू आलं की ती म्हणायची, "झाले सगळे. चला."

आता मोजणी बाबा घेतात. गेले सहा दिवस असं चाललंय: एक, दोन, मग कोणी काही बोलत नाही, मग चार, पाच. ती मधली जागा आम्ही इतकी नेमाने सोडतो की बसमधल्या बाकीच्या लोकांना तो आमचा कुळाचार वाटत असणार.

आज इफेससच्या थिएटरपाशी मला ती जागा सहन झाली नाही. मी आत्याची नक्कल फार चांगली करतो, बारशापासून बाराव्यापर्यंत कुठेही मागणी असते. दोन झाल्यावर मी तिच्या आवाजात म्हणालो, "तीन! आणि पाण्याची बाटली कुठाय?"

आई हसली. मग तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. बाबा एका खांबाजवळ गेले आणि बराच वेळ त्या खांबाचं निरीक्षण करत राहिले. खांबावर काहीही नव्हतं.

"परत असलं केलंस तर इथेच पुरीन तुला," ताई म्हणाली. "दोन हजार वर्षांनी कोणीतरी उकरेल."

काच गुणगुणतेय. अंजीर, ऑलिव्ह, अंजीर. डोळे मिटतात.

"पाय आत घे," कोटांच्या ढिगातला एक कोट म्हणतो.

मी पाय आत घेतो. कोट उठून उभा राहतो तर तो कोट नाही, आत्या आहे. फिकट हिरवी साडी, वर माझाच जुना स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. घाबरायचं कशाला, मेलेल्या माणसाला की शिट्टीला, हे माझं ठरत नाही.

"ओळीत चल," ती म्हणते आणि निघते.

बसचा पॅसेज उताराचा आहे. पायाखाली संगमरवर आहे, हजारो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. सकाळचाच रस्ता हा, पण दोन्ही बाजूंना वर्ग आहेत आणि वर्गांमध्ये दिवे नाहीत. दारादारात पुतळे उभे आहेत. एकालाही डोकं नाही. सकाळी ते पाहून मी सेल्फी काढला होता.

"एकोणचाळीस," एक पुतळा म्हणतो. आवाज मानेतून येतो. शाळकरी मुलीचा आवाज आहे.

"चाळीस," पुढचा म्हणतो.

"आत्या, मोजायची तर डोकी असतात ना? यांना डोकीच नाहीत."

"नंबर सांगतायत ना? मग झालं. तू तुझं बघ."

मी मानेवर हात फिरवतो. डोकं आहे. सध्या.

"एक्केचाळीस." हा पुतळा मी जवळून जाताना थोडा वळतो. डोकं नसलेलं काही आपल्याकडे बघतंय हे कळतं कसं, ते मला सांगता येणार नाही. पण कळतं.

"मघाशी तीन कोण म्हणालं?" मागे न बघता आत्या विचारते.

"मी. गंमत केली."

"माझ्या आवाजात?"

"हो."

"चांगला जमला. मला वाटलं, मीच बोलले."

आम्ही थिएटरच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आहोत. खाली गोल मैदानात आमची बस उभी आहे, काडेपेटीएवढी. बसजवळ बाबा, आई आणि ताई. आईची लाल कानटोपी ठिपक्यासारखी दिसतेय. मी हात हलवतो. कोणी वर बघत नाही.

"हे बघ," आत्या म्हणते. "तीन तू म्हणालास, म्हणजे तीन तू. मग पाच रिकामा राहिला. तो मी घेते. कोणीतरी घ्यायला हवा, नाहीतर तुझा बाप बस हलू द्यायचा नाही."

"आणि मी?"

"तू माझ्या जागेवर बस. चांगली जागा आहे, सगळं दिसतं."

ती बोट दाखवते. दगडी बाकावर एक पांढरी चादर अंथरली आहे. मधोमध, माणूस खूप दिवस बसून राहिल्यावर पडतो तसा खोलगा. कोपऱ्यावर निळा शिक्का, हॉस्पिटलचा.

ती चादर मी ओळखतो. जुलैत डॉक्टरांनी आम्हाला खोलीबाहेर बोलावून सांगितलं होतं की दीड महिना, फार तर दोन. बाबांनी आत जाऊन आत्याला सांगितलं, "ताई, आतड्याला सूज आहे. डिसेंबरपर्यंत ठणठणीत होशील." आईने मान हलवली. ऋजुताताई बाथरूममध्ये गेली. मला काम मिळालं आत्याला हसवत ठेवायचं, कारण घरात ते मलाच येतं. ते मी इतकं मनावर घेतलं की सहलीच्या व्हिसासाठी तिचा फोटोसुद्धा काढला. मागे पांढरं हवं म्हणून हीच चादर ताईने दोन हातांनी धरली होती. व्हिसा लागलेला पासपोर्ट आला तो तेराव्याच्या दिवशी. माझा फोटो कान दिसत नाहीत म्हणून दोनदा परत आला होता. तिचा एका फटक्यात पास.

"आत्या, मी नाही बसणार तिथे."

"का? मी नाही का बसले इतके दिवस?"

खाली बाबा बोट वर करतात. इतक्या लांबून त्यांचा आवाज कानाशी येतो. "एक."

"दोन," आई म्हणते.

आत्या पदर खोचते आणि पायऱ्या उतरायला लागते. गुडघे दुखत असलेली बाई, पण भराभरा उतरतेय. मी मागे धावायला जातो. पाय उचलत नाहीत. खाली बघतो तर माझे बूट पांढरे आहेत, पायरीचेच आहेत, लेससकट कोरलेले. मेहनतीचं काम आहे. पांढरेपणा पोटऱ्यांत चढतोय.

मला फक्त पाच म्हणायचंय. एवढा एक शब्द. मी तोंड उघडतो आणि माझ्या तोंडून आत्या बोलते, "पाण्याची बाटली कुठाय?"

"चार," खाली ताई म्हणते.

"पाच," आत्या म्हणते. माझ्या आवाजात. थोडा कंटाळलेला, शेवटचा स्वर लांबवणारा, अगदी मी. नक्कल इतकी चांगली आहे की माझ्या अंगावर काटा येतो, म्हणजे जेवढं अंग अजून माझं आहे तेवढ्यावर.

आई आत्याच्या डोक्यावर कानटोपी चढवते. "कान झाक रे, निमिष," तिला म्हणते. बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवतात. बसचं दार उघडतं. एकालाही फरक कळत नाही. आजूबाजूच्या पायऱ्यांवर पुतळे येऊन बसल्याचा आवाज होतो, दगडावर दगड. माझ्या कानाशी एक शाळकरी मुलगी म्हणते, "त्रेसष्ट?"

"पाण्याची बाटली कुठाय!" मी ओरडतो. "गाढवांनो, ओळीत! शेंगदाण्याची टरफलं पिशवीत!" मला तिची सगळी वाक्यं पाठ आहेत. एकाचाही उपयोग नाही. पांढरेपणा कमरेवर आलाय. माझ्याकडे एकच वाक्य शिल्लक आहे, जे तिचं नाही आणि जे आमच्या घरात कोणीच बोललेलं नाही.

"आत्या, तू गेलीस! सात ऑगस्टला! तू मेलीयेस, आत्या!"

हे माझ्या आवाजात येतं.

खाली सगळे थांबतात, चित्रातल्यासारखे. आईचा हात कानटोपीवर तसाच. आत्या टोपी काढते, आईच्या हातात देते आणि पायऱ्या चढून यायला लागते. आता तिचे गुडघे दुखतायत. दर चार पायऱ्यांना थांबते. एवढ्या वेळात मी पळून जायला हवं, पण माझ्यापाशी पाय नाहीत आणि शिवाय ती माझी आत्या आहे.

ती पोचते तेव्हा आम्ही हॉस्पिटलच्या खोलीत आहोत, सलाइनचा स्टँड आहे. खिडकीबाहेर इफेससच्या लायब्ररीचे खांब. ती खाटेवर बसते.

"मेले," ती म्हणते. शब्द चावून बघितल्यासारखा. "कशाने?"

"स्वादुपिंड. सूज नव्हती ती."

"कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"तुलाही? फोटो काढलास तेव्हा?"

"हो."

"म्हणून म्हणालास, हसू नको?"

"नाही, तो व्हिसाचा नियमच आहे."

मी वाट बघतो, आता शिट्टी वाजेल, आता ते बिनडोक्याचे सगळे आत येतील.

"मुलींना मी काय सांगायचे?" ती विचारते.

"हरवलात तर जागच्या जागी उभ्या राहा. हलू नका. कोणीतरी शोधत येईल."

"पाच महिने एका जागी उभी आहे मी, निमिष." तिचा आवाज चढत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. "मला वाटलं चुकामूक झाली. मला वाटलं तुम्ही मोजताय आणि येताय. सगळे हसत यायचात रे खोलीत. एकाने तरी सांगायचं, आत्या, तू नाहीस आता मोजणीत. मी ओळीतून बाजूला झाले नसते का?"

माझ्याकडे यावर विनोद नाही. शोधतो, खरंच नाही.

"चुकलं," मी म्हणतो.

"हात दे."

मी हात देत नाही. मला भीती आहे की ती तीन लिहील. ती तो ओढून घेते. तिची बोटं दगडासारखी गार आहेत. पदराच्या टोकाला अडकवलेलं निळं बॉलपेन काढते, टोक जिभेला लावते, आणि माझ्या तळहातावर लिहिते. दुखतं. मग माझी मूठ मिटवते.

"बसमध्ये जाऊन उघड. ताईला दाखव. आणि तुझ्या बापाला सांग, ती मधली जागा ठेवू नका. जागा ठेवली की मला वाटतं, बोलावताय."

"तू कुठे जाणार?"

"मी आता बसते," ती म्हणते. चादर नीट करते. "तू पळ. ओळीत."

बस हिसक्याने थांबते. माझं कपाळ काचेवर आपटतं.

शेजारी कोट आहेत. फक्त कोट. बाहेर टेकडी आणि टेकडीभर दगडी शवपेट्या, शेकडो, कितीतरींची झाकणं सरकलेली. पाटीवर लिहिलंय, हिएरापोलिस. संध्याकाळचं मेलेलं गाव. पुढे बाबा उभे राहिलेत आणि सवयीने बोट वर करतायत. "एक."

"दोन," आई म्हणते.

माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. ती उघडायला मला डाव्या हाताची मदत लागते. तळहातावर निळ्या शाईत आकडा आहे. तीन नाही. पाचही नाही.

४.

डावं टोक लांब, खालची गाठ किंचित चेपलेली. हा चार मी लहानपणी दर सहलीत ताईच्या हातावर पाहिलाय. पहिला विचार येतो तो थंड आहे: हा ताईचा नंबर. आत्याने आता ताईला मागितलंय. मी वळून बघतो. ताई आहे, जांभई देतेय, सगळी आहे, पाय तिचेच आहेत. दोननंतरची ती रिकामी जागा सरत आलीये आणि ताई चार म्हणायला तोंड उघडतेय.

मग मला कळतं. आत्याने स्वतःला काढलं आणि मागची ओळ पुढे सरकवली.

मी ताईच्या तोंडावर हात ठेवतो. "तीन म्हण."

"निमिष, मी खरंच पुरीन तुला. जागाही आहे बाहेर."

मी तळहात तिच्यापुढे धरतो. ती आधी चिडून बघते. मग अंगठ्याने त्या लांब टोकावरून हळूच फिरवते. शाई ओली आहे. तिच्या अंगठ्यावर निळा ओरखडा उमटतो. ती त्या अंगठ्याकडे बघते, माझ्याकडे बघते, कोटांकडे बघते. तिचा चेहरा असा होतो की त्याची नक्कल मी आयुष्यात कधी करणार नाही.

बाबांचं बोट अजून वरच आहे.

"तीन," ताई म्हणते.

आई मागे वळते.

"चार," मी म्हणतो. माझ्या आवाजात. खात्री करून घेतो.

बाबा कोटांच्या सीटकडे बघत राहतात. मला वाटतं, आता ते परत एखादा खांब शोधतील. पण ते बोट खाली घेतात, कोट उचलतात आणि ज्याचा त्याच्या हातात देतात. सीट रिकामी होते. तिच्यावर मधोमध एक खोलगा आहे.

"झाले सगळे," बाबा म्हणतात. "चला."