बर्फातला म्हावरा

गोळ्यांची पट्टी हातात दिली की ती आधी तिचा वास घ्यायची. मग बोटाने दाबून बघायची, उन्हात धरून बघायची, पापलेटाचे कल्ले तपासावेत तशी. शेवटी नाक मुरडायची.

"शिली हाय."

"मावशी, वर तारीख आहे. वर्षभर टिकते."

"वरीसभर टिकते ती कसली ताजी?"

अर्नाळ्याच्या बाजारात तिची मासळीची टोपली आणि माझं औषधांचं दुकान समोरासमोर. मी बोळिंजहून स्कूटरवर येणारा, पदवी काचेत मढवून तिच्याखाली बसणारा विद्वान. गिऱ्हाईक मात्र तिच्याकडे. "औषदवाल्या" या एका शब्दात तुच्छता किती मावते, ते मी तिच्याकडून शिकलो. अशी एखादी तुमच्याही बाजारात असेल. भाव पाडून मागितलात तर तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून "साहेब, तुमी भाजी खावा" म्हणणारी.

तिच्या हृदयाची एक नळी मुंबईच्या इस्पितळात फुगा घालून उघडली होती. कोलेस्टेरॉलची गोळी रोज, जन्मभर, असं तिला बजावलं होतं. बाईंनी त्यात सुधारणा केली. लग्नात मटण खाल्लं, की गोळी. नुसता डाळभात, की नाही. मासळीला तर गोळी लागतच नाही, हे तिचं शास्त्र. महिन्याच्या गोळ्या ती होळीपासून नारळी पुनवेपर्यंत पुरवायची आणि वर मलाच सुनवायची, "खाल्लं नाय तर गोली कोनाला मारंल?"

गावच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा हृदयाचे डॉक्टर यायचे, म्हणजे यायचे असं फळ्यावर लिहिलेलं होतं. आलेच तर कागदाकडे बघून सांगायचे, "सकाळी चालत जा." पहाटे बंदरावरून डोक्यावर टोपली घेऊन येणारी ही बाई त्यांना म्हणाली, "तुमी पन या संगती." ते पुढचे दोन महिने आले नाहीत.

मग समाजसुधारणेचा झटका मला आला. विरारच्या लॅबवाल्या बाईंना बोलावून दुकानातच रक्त तपासायचं ठरवलं आणि बाहेर सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'सकाळी उपवास करून यावे.' ती आळीतल्या बायकांना घेऊन हजर. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, वर तूप, असा कडकडीत उपवास करून. तिची ख्रिस्ती शेजारीण म्हणाली, "आमचे उपासाला मटन बंद," आणि माशाचं कालवण जेवून आली होती. लॅबवाल्या बाई सुई खाली ठेवून हसत सुटल्या. 'उपाशी' आणि 'उपवास' यांतला फरक माझ्या पदवीत नव्हता. धंदा बुडवून आलेल्या बायका रक्त न देताच परत गेल्या. ती सगळ्यांत शेवटी निघाली.

"तुला पाटी लिवता येत नाय, नि तुज्या गोल्या मी खाऊ?"

त्यानंतर मटणाच्या दिवशीचीही गोळी गेली.

मी भ्यालो. रात्रंदिवस डोकं चालवून एक दृष्टान्त शोधला आणि भर बाजारात तिला गाठलं.

"मावशी, गोळी म्हणजे बर्फ. म्हावरा खराब झाल्यावर बर्फ टाकून उपयोग आहे का? आधीपासून, रोज टाकावा लागतो."

आजूबाजूच्या टोपल्यांवरून माना वळल्या. मी कमरेवर हात ठेवून उभा. तिने सावकाश एक सुरमई उलटी केली.

"बर्फात घालतात तो म्हावरा मेलेला असतो रं. मी जिती हाय."

सगळा बाजार हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

नारळी पुनव झाली, होड्या समुद्रात गेल्या, तिचा मुलगाही गेला. एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. गॅस आहे असं तिने स्वतःच ठरवलं, बाजूच्या गाडीवरून लिंबूसोडा मागवून प्यायली आणि मला बघून तोंड फिरवलं. मी दुकान उघडं टाकून तिला रिक्षात घातलं आणि विरारच्या इस्पितळाकडे निघालो. वाटेत, आगाशीच्या अलीकडेच तिची मान माझ्या खांद्यावर पडली.

मुलाची होडी यायला अजून दोन दिवस होते. तोवर तिला घरात ठेवायचं होतं. शेजारणीने दारातूनच सांगितलं, "औषदवाल्या, लाद्या आन."

मी स्कूटरवर कारखान्यातून बर्फ आणला, फोडला, तिच्या दोन्ही बाजूंनी रचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज टाकावा लागतो. रचताना मान वर करायचा धीर होत नव्हता. शेवटची लादी लावताना पाहिलं, तर नाक मुरडलेलंच होतं.