मीटर बिघडलेलं नव्हतं

सरकारी कार्यालयांत वीज आणि पाणी कुठे वाया जातं ते शोधायचं आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम. आमची कंपनी छोटी: मालक, मी आणि एक टायपिस्ट. पुण्यातल्या एका दुमजली सरकारी कार्यालयाचं काम आलं तेव्हा तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मॅडम, दिवे मोजा, पंखे मोजा, एसी मोजा. पाण्याच्या भानगडीत पडू नका. पाणी कमी पडतं हे आम्हाला माहीत आहे. नव्या बोअरचा प्रस्ताव वर गेलेला आहे."

मी दिवे मोजले. खालच्या व्हरांड्यातले सगळे दिवे भर दुपारी चालू होते. का, तर त्यांचं बटण जुन्या फायलींच्या कपाटामागे होतं आणि कपाट हलवायला कुणालाच वेळ नव्हता. शिपायाच्या मदतीने मीच ते हलवलं. "आपण सामान हलवायला आलात होय?" एका क्लार्कने चहा पिता पिता विचारलं. मी म्हटलं, "हो. आपण बसून राहा, आपल्याला नाही हलवत."

वरच्या मजल्यावर दुपारनंतर नळाला पाणी नसे. सफाईचं काम करणाऱ्या मावशी खालून बादल्या भरून जिना चढत. पन्नाशीच्या असतील. लोणी काळभोरहून बसने यायच्या. एकदा त्यांच्या हातातली बादली मी घ्यायला गेले, तर त्यांनी ती सोडली नाही.

"तुमी पानी शोधताय न्हवं? मग हितं काय करताय? गाड्या लावत्यात तिथं जावा. समदीकडं वाळलंय आन् तिथं गवत हिरवंगार हाय."

"कुणाला सांगितलं का तुम्ही?"

"सांगितलं की. म्हनले, झाडू मारा."

मी रविवारी सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळेला परत गेले. कार्यालय बंद. वॉचमनला परवानगीचं पत्र दाखवलं आणि जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद केला. आता टाकीत थेंबही जात नव्हता, म्हणजे फाटकाजवळच्या पाण्याच्या मीटरचा काटा थांबायला हवा होता. तो फिरतच राहिला. उकिडवी बसून मी मोबाईलवर त्याचं चित्रण केलं. मीटर आणि टाकी यांच्या मधे, गाड्या लावतात त्या जागेखालून जाणारा पाइप फुटलेला होता. बोअरची काही गरजच नव्हती.

सोमवारी साहेबांनी अहवालातलं गळतीचं पान वाचलं आणि बोटाने माझ्याकडे सरकवलं.

"हे काढा."

"का?"

"मीटर बिघडलंय. आपण पाणी वाचवायला आलात की आम्हाला बुडवायला?"

मी कार्यालयाबाहेर पडेपर्यंत मालकांचा फोन आला. "अगं, एक पान तर आहे. कशाला वाकड्यात शिरतेस?"

"पान काढायचं तर माझी सहीपण काढा," मी म्हटलं. मग मालक म्हणाले, "राहू दे पान."

पंधरा दिवसांनी बोअरची जागा बघायला वरिष्ठ कार्यालयातून एक बाई आल्या. मला कुणी बोलावलं नव्हतं. शिपायाने फोनवर कळवलं आणि मी बिबवेवाडीहून गाडी हाणत पोचले. साहेब त्यांना सांगत होते, मीटर बिघडलंय, अहवालात काही अर्थ नाही.

"मग बघूया ना मीटर," मी म्हटलं. "आपण सगळेच चला."

सगळे फाटकापाशी जमले. शिपायाने टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला. काटा फिरत राहिला. "बघा, बिघडलंय," साहेब म्हणाले. मग मी मीटरला लागूनच असलेला व्हॉल्व्ह बंद केला. काटा जागीच थांबला. उघडला, पुन्हा फिरू लागला. तीनदा करून दाखवलं. मीटर ठीक होतं, पाणी मधल्या पाइपातूनच जात होतं.

तेवढ्यात मावशी मागून पुढे आल्या.

"साहेब, मीटर बिघडलं आसंल. पर माजं खांदं कशानं बिघडलं?"

साहेबांनी त्यांना आत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. वरिष्ठ बाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "आधी खणा. बोअरचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी खणलं. गंजून चाळण झालेला पाइप निघाला. तो बदलल्यावर वरच्या मजल्यावर संध्याकाळपर्यंत पाणी राहू लागलं. बोअरची फाइल परत आली.

महिन्याभराने त्या कार्यालयाचं टिपण माझ्या हाती पडलं. त्यात लिहिलं होतं, 'कार्यालयप्रमुखांच्या पुढाकाराने गळती शोधण्यात आली.' मी त्याच दिवशी पत्र लिहिलं: गळती सफाई कर्मचारी महिलेने दाखवली आणि ती आधीही सांगितली होती, नोंद दुरुस्त करावी. पत्राचं उत्तर आलं नाही. मी दुसरं पाठवलं. त्याचंही आलं नाही. तिसरं परवा दिलं.

आता विश्रांतवाडीकडच्या एका कार्यालयाचं काम आलंय. मालक म्हणाले, "या वेळी जरा सांभाळून घे."

"नाही घेणार," मी म्हटलं, आणि गाडीची किल्ली उचलली.