आत्या, देवी आणि गोणपाट

शिमग्याला कोकणात जायचं मी दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी ऑफिस आडवं येतं. यंदा आत्याचाच फोन आला. "पालखी येईल तेव्हा ओटी तू भर. मी बाहेर येणार नाय." मी लगेच रजा टाकली.

पुण्याहून सकाळची एसटी धरा, आंबा घाटात झोपू नका. रत्नागिरी स्टँडवरून आरे-वारेच्या दिशेला रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवून घ्या. संध्याकाळी आत्याकडे ओल्या काजूची उसळ होती. मी निर्लज्जपणे तीनदा वाढून घेतली.

आत्याच्या डाव्या पायाला हत्तीरोग आहे. डासांमुळे शरीरात शिरलेले बारीक कृमी वर्षानुवर्षं आत राहिले आणि पाय सुजत गेला. शिमगा झाला की तिला हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लालबुंद व्हायचा. देवीला आपला पाय चालत नाही, असं तिने धरलं आणि चार वर्षांपूर्वी पालखीसमोर जाणंच सोडलं. मग शिमग्यातला ताप थांबला, आणि समजूत पक्की झाली. मला राग आला तो आम्हा घरच्यांचा. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना बोलावून आणलं. त्यांनी पायाच्या बोटांच्या फटी नीट पाहिल्या.

"काकी, पालखीबरोबर अनवाणी फिरायचीस ना?"

फिरायची, अख्खी वाडी, कातळावरून. आशाताई म्हणाल्या, तिथे पाय फुटतो, भेगांतून जंतू शिरतात, ताप त्याचा. सूज पूर्ण जाणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. पण पाय रोज साबणाने धुवायचा, फटी टिपून कोरड्या करायच्या, बसताना पाय उंच ठेवायचा, चप्पल सोडायची नाही. आणि सरकारी गोळ्या येतील तेव्हा धडधाकट माणसांनीही घ्यायच्या, म्हणजे रोग पुढे पसरत नाही.

पालखी आली तेव्हा आत्या चप्पल घालून पायरीवर उभी राहिली. म्हातारे मानकरी म्हणाले, चपला काढ. तिने सगळ्यांसमोर निऱ्या उचलून पाय दाखवला आणि का नाही ते सांगितलं.

"गोणपाट आंथरा रे तिच्यापुरतं," मानकरी म्हणाले.

चपला काढून आत्या त्या गोणपाटावरून पालखीपर्यंत गेली आणि तिने ओटी भरली.

पुण्यात येऊन आठवडा झाला. रोज फोन करते, पाय धुतलास का विचारते. आज ती म्हणाली, ताप नाय आला. मग म्हणाली,

"चार वर्षं उगाच देवीवर रुसून बसले गो. तिचं काय चुकलं होतं?"