आक्काचा एक तास

आक्का काल गेली.
मला "चिंगे" म्हणणारं माणूस आता जगात उरलं नाही.

नव्वदीला टेकलेल्या बाईला सगळे आजी म्हणतात, नाहीतर बाई. चिंगी काल जतमध्ये आक्काबरोबरच संपली.

हे मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. शुद्धलेखन मी तपासणार आहे, तेवढी मास्तरकी अजून शिल्लक आहे.

नातीच्या मोबाईलमध्ये एक अॅप आहे. अभ्यास कधी, व्यायाम कधी, पाणी कधी प्यायचं, सगळ्याचं रिमाइंडर. वर मोठ्या अक्षरात तिचा या वर्षीचा गोल, म्हणजे ध्येय.
ते बघितलं की मला आमची माणदेशातली ओसरी आठवते.

लढाईची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. घरात घड्याळ नव्हतं, अख्ख्या गावात नव्हतं. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला सातवीची फायनल पास व्हायचं होतं. तेव्हा फायनल झालं की मास्तरकी मिळायची. आमच्याकडे मास्तरीण कुणी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

दादा, म्हणजे आमचे वडील, एवढंच म्हणाले, "एक डाव बस. पास झालीस तर मास्तरीण हो. न्हाईतर जतचं स्थळ पक्कं."

मग आक्कानं ओसरीच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या.

वळचणीची सावली या रेघेवर उतरली की शेणघाण आटपलेलं हवं. त्या रेघेवर आली की पाणी भरून झालेलं हवं. आणि खालच्या दोन रेघांमधली जागा पुस्तकाची. ऊन सरकलं की जुन्या रेघा पुसून नव्या मारायची. त्या जागेत कुणी काम सांगितलं, तर तोंडानं बोलायची नाही, भिंतीकडे बोट दाखवायची.

आई वैतागायची. "आता भिंतीला इचारून भाकरी थापायच्या का गं?"
"थापून झाल्यात, आय. तू भिंत तर बघ."

परीक्षा वडूजला. पेपर अकराला.

दरवर्षी पोरांना घेऊन जाणारे गुरुजी नेमके तापानं पडले, म्हणून दादा निघाले. मी हट्टानं मागं लागले. आक्का वाटभर स्वतःची सावली बघत चालली होती. "लय टाइम हाय," म्हणाली, म्हणून ओढ्याला थांबून आम्ही भाकरी खाल्ली.
तेव्हा ती हसत होती. ते हसणं मला अजून दिसतं.

वडूजला पोचलो तर गेट बंद.

"पेपर सुरू हून तास झाला," शिपाई म्हणाला. "आता आत सोडता येत न्हाई."
"आवं, आत्ताशी अकरा वाजायला आल्यात," दादा म्हणाले. "सावली बघा की."
"ते जुन्या टायमानं. सरकारनं लढाईपायी समदी घड्याळं तासभर म्होरं केल्यात. तुमच्या गावाला ठावं न्हाई व्हय?"

नव्हतं ठाऊक.
गावात घड्याळच नव्हतं, तर पुढं काय करणार? सूर्य तर कुणी पुढं केला नव्हता.

दादांनी त्या शिपायाचे हात धरले. दादांना कुणाचे हात धरताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आक्का रडली नाही. पायाशी पडलेल्या सावलीकडे बघत उभी राहिली. सावली बरोबरच होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

पुढच्या लग्नसराईत ती जतला गेली.
दादा वाईट नव्हते, शब्दाला पक्के होते. तो पक्केपणा मला अजून गिळता आलेला नाही.

सासरी सगळे कानडी बोलायचे. आमची बडबडी आक्का कित्येक वर्षं त्या घरात मुकी होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुद्दाम त्यांची भिंत बघितली.
पांढरीशुभ्र. एकही रेघ नाही.

आणि तेव्हापासून आक्का सगळीकडे तासभर आधी पोचायला लागली.
लग्नाला गेली तर मांडववाल्यांच्या आधी. पुढं एसटी आली, तर स्टँडवर गाडी लागायच्या आधी. लोक हसायचे, भाचरं नक्कल करायची. ती बोचकं मांडीवर घेऊन एकटी बसून राहायची.

लढाई संपली, घड्याळं पुन्हा मागं आली. चाळीसचं दशक सरता सरता माझी फायनल आली.

आक्का जतहून आली. आदल्या दिवशीच मला वडूजला घेऊन गेली. सकाळी आम्ही त्याच गेटसमोर.

"आक्का, अजून शिपाई बी आला न्हाई."
"यील की. आपुन हाय न्हवं हितं."
"पुढच्या साली तू बी बस की गं."
ती माझ्या पदराची घडी नीट करत राहिली. "तू बस, चिंगे. मी हाय भाईर."

पेपर सुटला तेव्हा ती तिथंच होती, उन्हात.

मी पास झाले. मास्तरीण झाले, मास्तरीण म्हणूनच रिटायर झाले.
व्हायला ती हवी होती.

काल निरोप आला, आक्का गेली, माती चार वाजता.
नातवाला मी घाई करून गाडी काढायला लावली. पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्यासुद्धा मांडल्या नव्हत्या.

"आजी, अजून तास आहे," तो म्हणाला. त्याला वाटलं, मला आता घड्याळ कळेना झालंय.
"असू दे," म्हटलं.

आणि आक्काशेजारी जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. घरात माणसं आपापल्या गडबडीत होती, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
हा तास तिनं जन्मभर एकटीनं काढला होता.

आक्का, चिंगी आली होती गं. तासभर आधी.
आता निवांत जा.