अवनीला घाम येत नाही

"बाईनू, काय्येक करा, पण हिका रडवू नकात."

पहिलीच्या वर्गात लेकीला सोडायला आलेल्या स्वप्नाने मला सांगितलेलं पहिलं वाक्य हे. मला वाटलं, लाडावलेली पोर असणार. तिच्या मागे अवनी उभी होती. केस अगदी विरळ, पुढचे दात दोनच आणि तेही टोकदार. बाहेर पाऊस नव्हता, तरी अंगातला फ्रॉक ओलाच होता.

स्वप्ना आमच्याच गावात अंगणवाडीची मदतनीस. नवरा गुरुप्रसाद कुडाळच्या एमआयडीसीत कामाला. लग्नानंतर त्याने जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं. दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरचे दोन फणस मध्ये येत होते, तेही तोडले. शेजारच्या मथुराकाकी तेव्हापासून त्यांच्या अंगणात पाय ठेवत नव्हत्या.

अवनी पहिल्याच उन्हाळ्यात तापू लागली. सर्दी नाही, खोकला नाही, अंग मात्र निखाऱ्यासारखं. औषधं झाली, दृष्ट काढून झाली, देवळात गाऱ्हाणं घालून झालं. पावसाळा आला की ताप आपोआप जायचा. मूल दोन वर्षांचं झाल्यावर कुडाळच्या एका डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पंखा बंद करून पंधरा मिनिटं तिला तसंच बसवून ठेवलं. सगळे घामाने निथळत होते. अवनी कोरडीच होती.

"हिला घामाच्या ग्रंथीच नाहीत," ते म्हणाले. "औषध नाही यावर. हिचा घाम तुम्ही बाहेरून द्यायचा."

म्हणजे अंग सतत ओलं ठेवायचं. उन्हात न्यायचं नाही, पळू द्यायचं नाही. रडूही द्यायचं नाही, कारण रडून रडून ती तापायची आणि तापली की आणखी रडायची. हे शेवटचं स्वप्नाला सगळ्यात जड गेलं. पोरीला शांत ठेवायचं तर आधी आपण शांत दिसायला हवं. आतून काळीज फाटत असलं तरी तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. विहिरीच्या काठावर ओला पंचा अंगावर टाकून ती अवनीला तासन्‌तास बसवायची, माडाच्या झावळ्या मोजायला लावायची. झावळ्या मोजता मोजता पोरीचा श्वास संथ व्हायचा. पहिले दोन धरून असे सहा उन्हाळे तिने काढले.

सातव्या मे महिन्यात, पहिलीचं वर्ष संपताना, वादळी वाऱ्याने विजेचे खांब पडले. दोन दिवस लाइट नव्हती. पंप बंद म्हणून टाकी रिकामी, आणि विहिरीने तळ गाठलेला. कळशी खाली टेकवली तर चिखलच वर यायचा. स्लॅब सकाळी दहालाच तापला. स्वप्नाने पिण्याच्या हंड्यातलं पाणीसुद्धा अवनीच्या अंगावर ओतलं. दुपारी बाराच्या सुमारास पोर असंबद्ध बोलू लागली, आणि मग बोलायचीच थांबली. हात लावला तर चटका बसत होता. गुरुप्रसाद कुडाळला. फोन लागत नव्हता.

मथुराकाकींच्या पोफळीच्या बागेतून व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा पाट वाहायचा. भर मेमध्येही त्यात गुडघाभर पाणी असे. स्वप्नाने अवनीला उचललं आणि अनवाणीच गडगा ओलांडला. त्या बागेत जायचं तिला नऊ वर्षांत कधी धाडस झालं नव्हतं.

काकी पोफळींना पाणी लावत होत्या. त्यांनी एकदा पोरीकडे पाहिलं.

"हाड तिका हडे. पाटात निजय. मान माज्या मांडयेर दी."

पोरीला पाटात निजवून दोघी पाण्यात बसल्या. स्वप्ना हुंदके द्यायला लागली, तसं काकींनी तिला दटावलं. "तोंड पूस. तिना डोळे उघडल्यान तर पयला तुझाच तोंड दिसतला."

स्वप्नाने पाणी मारून तोंड धुतलं. वर पोफळींची गर्द सावली, अंगाखालून थंड पाणी जातंय, आणि काकींच्या मांडीवर पोर निपचित. किती वेळ गेला ते तिला आजही सांगता येत नाही. मग अवनीचा हात हलला. डोळे अर्धवट उघडले. पाटाच्या कडेने एक खेकडा सरकत होता.

"आये, कुर्ली."

स्वप्ना हसली. कशी हसले ते माझं मला ठाऊक, असं ती मला म्हणाली.

तसंच ओल्या चादरीत गुंडाळून रिक्षाने मालवणला नेलं. पाण्यात ठेवलंत म्हणून वाचली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण तो ताप पोरीकडून काहीतरी घेऊन गेला. जूनमध्ये ती दुसरीत आली ती भिंत धरून. तोल जायचा. तिची अक्षरं ओळीवर ठरत नाहीत, अजूनही नाहीत.

पुढचे दोन उन्हाळे मायलेकी काकींच्या बागेतल्या मांगरात राहिल्या. मातीच्या भिंती, वर गवत, दारात पाट. अवनी दुपारभर पाण्यात पाय सोडून मासे बघत बसायची. एवढं शांत मूल मी पाहिलं नाही. काकींनी फणसांचा विषय एकदाही काढला नाही.

तिसऱ्या वर्षी वरच्या अंगाला नव्या बोअर पडल्या आणि रामनवमीच्या आतच व्हाळ आटला. पोफळींची पानं पिवळी पडू लागली. स्वप्नाने अंगणवाडीची नोकरी सोडली आणि वर घाटमाथ्यावरच्या थंड आंबोलीला एका घरी रांधायचं काम धरलं, उन्हाळ्यापुरतं. गुरुप्रसादने आधी विरोध केला. तिने त्याला दुपारी दोन वाजता स्लॅबखाली बसवलं आणि पंधरा मिनिटांनी विचारलं, पोरीने इथे कसं राहायचं? तो उठून बॅगा भरायला लागला.

गेल्या मे महिन्यात मी त्यांना भेटायला वर गेले. घरामागे झरा आहे, त्याच्या दगडावर अवनी बसली होती. हवेत गारवा असेल म्हणून मी शाल नेली होती. ती पिशवीतून काढावी लागली नाही. दुपारी तिथेही अंगाची लाही होत होती. झऱ्याची धार करंगळीएवढी उरली होती. स्वप्ना मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "हेच्या वर खंय जावचा, बाईनू?"

मी तिचा हात धरला, तो घामाने चिंब होता.

यंदा फेब्रुवारी संपायच्या आतच त्या दोघी वर गेल्या. पाचवीतल्या अवनीचा शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहून दिला.