थर्माकोलचं व्हेनिस

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या मंडळाचा गणपती त्या वर्षी व्हेनिसच्या राजवाड्यात बसवायचा असं ठरलं, कारण अध्यक्ष नुकतेच इटलीला जाऊन आले होते. आदल्या वर्षी ते जयपूरला गेले होते, तेव्हा हवामहल झाला होता. आमच्याकडे देखाव्याचा विषय अध्यक्षांच्या सुट्टीवर ठरायचा आणि देखावा उभा करायचं काम माझ्याकडे यायचं, कारण माझ्याकडे म्हणे वेळ असायचा. अमेरिकेत आल्यापासून मी हे ऐकत होते. नवरा सॉफ्टवेअरमधला, मी त्याच्या व्हिसावर आलेली, आणि अशा बायकांना तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. मुंबईत मी चित्रकला शिकले होते, शिकवत होते, प्रदर्शनांत चित्रं लावली होती. इथे मी 'वेळ असलेली वहिनी' झाले.

अध्यक्षांच्या घरी मीटिंग होती. त्यांनी टीव्हीला कॅमेरा जोडून फोटो दाखवले. कालव्याच्या काठचा जुना राजवाडा, त्याचं आता पंचतारांकित हॉटेल झालेलं, आणि हे तिथे राहून आलेले. "हा आमचा बेड. हे छत बघा, सगळं गोल्ड. हा ब्रेकफास्ट. हा पण ब्रेकफास्ट." मग खिडकीतून काढलेला एक फोटो आला आणि मी खुर्चीतून उठलेच. पलीकडच्या काठावर गुलाबी-पांढऱ्या दगडाचा एक राजवाडा होता. टोकदार कमानी, कमानींच्या डोक्यावर चार पाकळ्यांची नक्षी, खाली पाण्यात उघडणारं दार.

"हा तुम्ही आतून बघितलात?"

"कुठला? हां, ते म्युझियम आहे. जायचं होतं, पण राहून गेलं यार. ब्रेकफास्टच एवढा असायचा की निघायलाच उशीर."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. कॉलेजात आमचे सर पडदे ओढून स्लाइड्स दाखवायचे, त्यात हे राजवाडे होते. खालच्या मजल्यावर माल उतरायचा, वरच्या मजल्यावर लांबलचक दिवाणखाना, आणि त्याला उजेड मिळावा म्हणून दर्शनी भिंतीच्या मधोमध खिडक्याच खिडक्या. हे सगळं मला पाठ होतं. आणि मला तिथे जाता येत नव्हतं. माझ्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का संपलेला. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्याआधी कॉन्सुलेटच्या रांगेत उभं राहून नवा शिक्का घ्या, तो मिळेपर्यंत अडकून पडा. नवरा म्हणायचा, रिस्क नको. आणि ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं ते त्या राजवाड्याच्या समोर बसून ऑम्लेट खाऊन आले होते.

हॉटेल म्हटलं की माझं डोकं का फिरतं, तेही सांगते. कुणा सावकाराने, कुणा व्यापाऱ्याने चारचौघांना दिपवायला बांधलेलं घर. त्याचं म्युझियम झालं, की शेवटी एकदाचं ते कुणाचंही होतं. तिकीट काढा आणि त्यांच्या दिवाणखान्यातून चपला फटफटवत फिरा. त्याच घराचं हॉटेल झालं, की दारात पुन्हा माणूस उभा. मालक तेवढे बदलले.

कमिटीला अर्थातच हॉटेल हवं होतं. मी सांगितलं, म्युझियम करणार, नाहीतर दुसरं कुणी बघा. दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे सगळे लगेच कबूल झाले. गणपती पाण्याच्या दारात बसणार होता आणि वरच्या खिडक्यांमध्ये मी माझी चित्रं लावणार होते, कारण म्युझियम म्हटलं की आत चित्रं हवीत.

ती चित्रं म्हणजे माझी इथली सगळी वर्षं होती. जलरंगातली, कागदावरची. माझ्यासारख्याच व्हिसावर आलेल्या बायका, त्यांच्या त्यांच्या अपार्टमेंटमधल्या दुपारी. एक वॉशिंग मशीनसमोर बसलेली. एक फोन कानाला लावून भिंतीकडे बघणारी. एक इंजिनियर होती, ती पापलेट साफ करताना. त्या माझ्यासमोर बसल्या होत्या, आणि आता राजवाड्यात आपण लागणार म्हणून हसत होत्या.

अजून एक गोष्ट होती. गावच्या लायब्ररीत एका खोलीत महिना-महिना कुणा ना कुणा चित्रकाराची प्रदर्शनं लागायची. ते काम बघणाऱ्या बाईंना मी बरेच दिवस गाठत होते. त्या म्हणाल्या, तुझी चित्रं भिंतीवर लागलेली बघायची आहेत, फोटो नकोत. मी त्यांना गणपतीला बोलावलं. आवडली तर मला ती खोली मिळणार होती. पैसे मिळणार नव्हते, व्हिसात ते बसलंही नसतं. पण माझ्या नावाची एक भिंत मिळाली असती.

नवरा ऑफिसला गेला की मी गॅरेजमध्ये थर्माकोल कापत बसायचे. तापलेल्या तारेने कमानी कापल्या, कागदाच्या लगद्याने नक्षी उठवली, संगमरवराच्या शिरा पातळ ॲक्रिलिकने काढल्या. अध्यक्ष एकदा बघायला आले.

"वहिनी, मस्तच. पण जरा गोल्ड मारू या ना. आमच्या हॉटेलला कसं होतं, झगमग."

"याला गोल्ड नाही. आणि हे बघा, स्प्रेचा डबा याच्या जवळसुद्धा आणू नका. स्प्रेने थर्माकोल विरघळतो."

"ओके ओके, तुम्ही एक्स्पर्ट," ते म्हणाले.

गणपतीच्या आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये राजवाडा उभा केला, खिडक्यांत चित्रं लावली आणि मी घरी आले. सकाळी गेले तर दारातच स्प्रेचा वास. दोन्ही बाजूंच्या कमानी कुरतडल्यासारख्या, कडा गळलेल्या, आत खोल खड्डे आणि खड्ड्यांत सोनं चकाकतंय. आणि मधोमध, नेमक्या खिडक्यांवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बॅनर. होम लोनवाल्या स्पॉन्सरचा. हसरं कुटुंब, घराची किल्ली आणि फोन नंबर.

"वहिनी, सॉरी हं," अध्यक्ष म्हणाले. "थोडंसंच मारणार होतो. पण मधला भाग जरा बसला. मग बॅनरने कव्हर केलं. तसाही तो कुठेतरी लावायचाच होता."

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"अहो, लांबून कळतच नाही."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, बॅनर काढा. ते म्हणाले, स्पॉन्सर आरतीला येतायत, त्यांचं भाषण होऊ दे, मग काढू. तेवढ्यात माझा नवरा आला. तो मंडळाचा खजिनदार. त्याने मला दंडाला धरून बाजूला नेलं. "सीन करू नको यार. दोन तासांचा प्रश्न आहे."

माझ्या चित्रांतल्या बायका साड्या नेसून आल्या. देखाव्यासमोर उभ्या राहून स्वतःला शोधत होत्या. एकीने विचारलं, "आम्ही कुठे?" मी बॅनरकडे बोट दाखवलं. ती प्रसादाच्या टेबलाकडे गेली.

आणि मग आरतीच्या आधीच लायब्ररीच्या बाई आल्या. अमेरिकन माणूस सांगितलेल्या वेळेला येतो, आमच्या आरतीची वेळ त्यांना काय ठाऊक. त्यांनी होम लोनच्या कुटुंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सजावटीच्या टेबलावरचं कटर उचललं, शिडीवर चढले आणि बॅनरच्या दोऱ्या कापल्या. तो खाली कोसळला. खालून अध्यक्ष "वहिनी, वहिनी" करत होते.

मला वाटलं होतं, मागे चित्रं तरी सुखरूप असतील. स्प्रे खिडक्यांमधून आत गेला होता. प्रत्येक चित्रावर सोनेरी धूळ बसलेली. पापलेट साफ करणारीच्या गालावर, वॉशिंग मशीनवर, फोनवर. जलरंगाचा कागद तो, एकदा प्यायला की प्यायला. मी बोटाने पुसून बघितलं तर खालचा रंगच निघून आला.

बाई शिडीजवळ आल्या. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "किती सुंदर. विशेषतः हे सोनं. या साध्या खोल्यांवर हे सोनं, कसं सुचलं तुला?"

"ॲक्च्युअली, ती माझी आयडिया होती," अध्यक्ष मागून म्हणाले. ते हसत होते.

मी फक्त होकाराची मान हलवायची, की झालं. भिंत माझी होती.

"हे सोनं माझं नाही," मी म्हटलं. "हा अपघात आहे. माझी चित्रं याच्याखाली होती, आता ती नाहीत."

त्या गोंधळल्या. "मग दुसरी दाखवशील?"

"दुसरी नाहीत. एवढीच होती."

त्यांनी माझा हात हातात घेतला, सॉरी म्हणाल्या, नवी काढलीस की नक्की कळव म्हणाल्या. मोदक खाऊन गेल्या. मग आरती झाली. स्पॉन्सरनी बॅनर हातात धरून भाषण केलं.

परतताना गाडी नवरा चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "तिला आवडलं होतं ना? हो म्हणायचं. प्रदर्शन तर मिळालं असतं."

"आणि चित्रांखाली नाव कुणाचं लावलं असतं?"

"तुझंच," तो म्हणाला. "अजून कुणाचं?"

तो हे अगदी मनापासून म्हणाला, आणि त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग आला तो त्याचाच.